ट्रॅक्टरचा क्लच बदलताना फ्लायव्हीलच्या पायरीने अडवलं: माझा अनुभव

जुन्या ट्रॅक्टरचं फ्लायव्हील (इंजिनच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबून बसते) फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, द्यायचं असेल तर आधी त्याची पायरी मोजा आणि माप कागदावर लिहून ठेवा. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण क्लचच्या बाकी सगळ्या कामात झाली नाही तेवढी दमछाक या एका पायरीपायी झाली. अजून आठवलं की डोकं तापतं.

लक्षणं नेहमीचीच होती. नांगर जरा खोल गेला की इंजिनचा आवाज चढायचा, ट्रॅक्टर मात्र जागच्या जागी रेंगाळायचा आणि जळका वास सुटायचा. क्लच कितीही हळू सोडला तरी गाडी थरथरत उचलायची. पेडलचं फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी चाल) नीट करून पाहिलं, काही फरक पडला नाही. म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडण्यावाचून, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्यावाचून, गत्यंतर नव्हतं.

फोडायचं काम भावाने आणि मी मिळून केलं आणि ते सुरळीत पार पडलं. एकच गोष्ट आवर्जून सांगतो. पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा ठोका. ॲक्सल मधल्या पिनेवर डोलतो, त्यामुळे गिअरबॉक्सपासून सुटलेलं इंजिन कुठल्याही बाजूला कलंडू शकतं. आणि नुसत्या जॅकवर काहीही ठेवायचं नाही, खाली भक्कम ठोकळे हवेतच.

आत पाहिलं तर क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. त्या रिव्हेटांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडले होते, मध्येमध्ये निळसर काळे डाग होते आणि केसासारख्या बारीक चिरा. चिरा वरवरच्या असतील तर ग्राइंडिंगमध्ये निघून जातात. खोल गेलेली किंवा बोल्टच्या भोकापर्यंत पोचलेली चीर दिसली तर ते फ्लायव्हील भंगारात टाका. एवढं वजनदार लोखंड वेगात फिरताना फुटलं तर जिवावर बेतेल, त्यात काटकसर नको.

आता पायरी म्हणजे काय ते सांगतो. काही ट्रॅक्टरांचं फ्लायव्हील सपाट असतं. माझ्याचा मधला भाग खोल आणि काठ उंच आहे. मधल्या भागावर क्लच प्लेट घासते, काठावर प्रेशर प्लेटचं (स्प्रिंगांच्या जोरावर क्लच प्लेट दाबून धरणारी प्लेट) कव्हर बोल्टने बसतं. या दोन पातळ्यांमधलं अंतर ट्रॅक्टर बनवणाऱ्याने ठरवून दिलेलं असतं, कारण प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा किती दबून राहणार हे त्यावर अवलंबून असतं. मधला भाग एक मिलिमीटर उतरवला आणि काठ तसाच ठेवला तर प्रेशर प्लेटला एक मिलिमीटर पुढे जावं लागतं. स्प्रिंगा तेवढ्या ढिल्या पडतात, फिंगर (प्रेशर प्लेट मागे ओढणारे छोटे लिव्हर) रिलीज बेअरिंगच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगच्या, दिशेने सरकतात आणि फ्री प्ले कमी होतं. कोरी प्लेट पहिल्या दिवसापासूनच झिजलेल्या प्लेटसारखी वागते. म्हणून मधला भाग जेवढा घासला, काठही तेवढाच उतरवायचा. पाहायला गेलं तर एवढं साधं काम.

मी काठावर पोलादी पट्टी आडवी ठेवून डेप्थ गेजने चार ठिकाणी माप घेतलं, लिहून ठेवलं आणि वर्कशॉपमध्ये तोंडीही सांगितलं की दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवा. त्यांनी मान डोलावली आणि फ्लायव्हील कोपऱ्यात ठेवलं. मग सुरू झालं ‘उद्या या’. गेलो की ते तिथेच पडलेलं, वर दुसऱ्यांच्या कामांचा ढीग. लेथ बिघडलीय, कारागीर सुट्टीवर आहे, टूल मागवलंय. इकडे ट्रॅक्टर दोन तुकड्यांत उघडा आणि शेतातला वाफसा निघून चाललेला. या वाट पाहण्याचा मला फार जाच झाला.

शेवटी झालं एकदाचं. आरशासारखं चकाकत होतं. मी तिथेच पट्टी आणि गेज काढलं. पायरी ०.८ मिलिमीटरने जास्त खोल भरली. काठाला टूल लागलंच नव्हतं, जुना गंज तसाच.

“मिस्त्री, काठ उतरवलाच नाही तुम्ही.”

“त्याची गरज नसते हो. आजवर कुणी मागितलं नाही.”

“मी लिहून दिलं होतं.”

“फिंगर ॲडजस्ट करा की, चालतंय.”

हे ‘चालतंय’ मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. फिंगर फिरवून त्यांची उंची जुळते, स्प्रिंगांचा गेलेला दाब परत येत नाही. वाद घालता घालता पृष्ठभागावरून नख फिरवलं, तर डागांच्या जागी उंचवटे लागले. जास्त तापून ज्या जागा कडक होतात, त्यांच्यावरून लेथचं टूल घसरतं. तिथे ग्राइंडिंगच लागतं, कारण दगड कडक आणि मऊ भाग सारखाच खातो. म्हणजे फेसिंगही अर्धवटच.

फ्लायव्हील उचललं आणि ग्राइंडिंग मशीन असलेल्या दुसऱ्या वर्कशॉपला नेलं. तिथल्या कारागिराने हातात घेताच विचारलं, “पायरीचं मूळ माप आहे का?” तो प्रश्न ऐकून किती हायसं वाटलं! त्याने डाग निघेपर्यंत मधला भाग घासला, मग काठ उतरवून पायरी माझ्या कागदावरच्या मापाला आणली, आणि माझ्यासमोर मोजून दाखवली. माप कागदावर होतं म्हणूनच हे जमलं याचा मला अभिमान आहे. तुम्हीही मोजल्याशिवाय वर्कशॉपमधून उचलू नका, पैसेही त्यानंतरच द्या.

फ्लायव्हील खोलण्याआधी क्रँकशाफ्टवर आणि त्याच्यावर समोरासमोर पंचाची खूण करायची, हे वर राहून गेलं. बऱ्याच जुन्या इंजिनांच्या टायमिंगच्या खुणा फ्लायव्हीलवरच असतात. ते चुकीच्या जागी बसलं तर पुढे डिझेल पंपाचं टायमिंग पाहताना गोंधळ होतो. रिंग गिअरचे (फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी कडी, जिच्यात स्टार्टर अडकतो) दातही तेव्हाच पाहून घ्या. इंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबतं, त्यामुळे तीन सिलिंडरच्या इंजिनात तीन जागचे आणि चार सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरच्या दोन जागचे दात जास्त झिजतात. स्टार्टर कधी पकडतो, कधी नुसता खरखरतो, त्याचं कारण अनेकदा हेच.

आणि उघडल्या उघडल्या आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाणं फार वाईट. तोंडाला मास्क बांधून ओल्या फडक्याने पुसून काढा.

जोडणी भराभर झाली. पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं), रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील नवीन टाकलं. एवढं उघडल्यावर सीलवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही, त्यातून गळलेलं तेल नवी प्लेट वाया घालवतं. प्लेट कुठल्या बाजूने बसवायची ते तिच्यावरची खूण पाहून ठरवा आणि अलाइनमेंटच्या दांड्याने ती मधोमध धरूनच कव्हर आवळा, बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे. ट्रॅक्टरचे दोन्ही अर्धे भाग जोडताना दोन लांब स्टड लावले की गिअरबॉक्स सरळ रेषेत येतो. शेवटचं अंतर हाताच्या ढकलण्याने मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर शाफ्टच्या खाचा जुळलेल्या नाहीत, फ्लायव्हील थोडं फिरवून बघा. बोल्ट आवळून ओढून आणलं तर प्लेटचं हब वाकतं आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

आता नांगर पूर्ण खोलीवर चालतो आणि क्लच सोडताना थरथर नाही. पहिल्या काही दिवसांच्या हलक्या कामानंतर पेडलचं फ्री प्ले पुस्तिकेतल्या मापाशी पुन्हा जुळवून घेतलं.

बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीचं कवच) तळाला बहुधा एक छोटं भोक असतं, काहींत त्यात पिन लोंबकळते. ते चिखलाने बुजलेलं असेल तर मोकळं करा. तिथून काळं तेल ठिबकलं तर इंजिनचं सील पाहा, स्वच्छ आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं.