घरकुल मंजूर झालं, पण जागा कुठाय?

मागच्या आठवड्यात गावाला जाऊन आलो. माण-खटावच्या पट्ट्यातलं आमचं गाव, मे महिना, वीज दुपारी हमखास जाणार, तर असाच ग्रामपंचायतीच्या पायरीवर सावलीला टेकलो होतो आणि आक्का आली. आक्का म्हणजे आमच्या शेतावर खुरपायला यायची ती, माझ्या लहानपणापासूनची. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. म्हणाली, "दादा, जरा वाच बरं, काय म्हणत्यात ते." घरकुलाचं मंजुरीपत्र होतं.

मी आपला खूश. म्हटलं आक्के, पेढे आण आता. तर म्हणते, "पेढं कशाचं रं, बांधू कुठं त्ये सांग."

झालं, तिथनं सुरुवात.

आक्काचं घर गायरानात आहे, म्हणजे गुरं चरायला राखलेल्या गावाच्या सामायिक जमिनीत. घर म्हणजे चार बाजूंनी पत्रा, वरनं पत्रा, पावसाळ्यात आत पण पाऊस. नवरा वारला, पोरगं मुंबईला कुठंतरी हॉटेलात. नावावर इंचभर जमीन नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या यादीत नाव कधीचं होतं, 2018 ला आवास प्लसचा सर्व्हे झाला तेव्हापासून, आणि 2025 च्या फेब्रुवारीत पुण्यात बालेवाडीला मोठा कार्यक्रम करून राज्यात एकदम 20 लाख घरकुलांची मंजुरीपत्रं दिली ना, त्या लाटेत हिचंही आलं. पत्र प्लास्टिकमध्ये जपून ठेवलंय पण पहिला हप्ता नाही आला, कारण हप्ता सोडायच्या आधी लाभार्थ्याला बांधकामाच्या जागेवर उभं करून फोटो काढतात, जिओ टॅगिंग करतात, म्हणजे फोटोबरोबर जागेचं ठिकाण नोंदवतात. फोटो काढायला पोरगं आलं होतं मोबाईल घेऊन. आक्काने नवं लुगडं नेसून केस विंचरले, पत्र्याच्या घरापुढं जाऊन उभी राहिली. तो म्हणाला हे गायरान दाखवतंय, चालणार नाही. गेला निघून. आक्का तशीच उभी.

आता पैशाचं बघा, पैसे तसे आहेत. सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12 हजार, वरनं राज्याने 2025 मध्ये आणखी 50 हजार वाढवले त्यातले 15 हजार सोलरचे. आणि पाच ब्रास वाळू फुकट, मिळाली तर. घर किमान 25 चौरस मीटरचं पाहिजे, म्हणजे साधारण 270 स्क्वेअर फूट. एवढ्यात घर होतं का हा वेगळा विषय, बायका गळ्यातलं मोडून करतात पुरं कसंतरी. पण हे सगळं उभं करायला खाली जमीन लागते आणि तिचं काय, तर त्याचं उत्तर कुणाकडेच धड नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चक्क लिहिलेलं आहे की भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणं हे राज्याचं काम. राज्याने म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना काढली, 500 स्क्वेअर फूट जागेसाठी आधी 50 हजार द्यायचे, आता 1 लाखापर्यंत केलेत. बरं. पण 500 फूट म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही, आणि आमच्याकडे रस्त्याकडेच्या गुंठ्याला लोक चार-पाच लाख सांगतात. आणि अर्धा गुंठा तोडून विकणार कोण? शेतजमिनीचे बारीक तुकडे करायला आडकाठी करणारा तुकडेबंदी कायदा 1947 चा, त्याच्या भीतीने इतकी वर्षं लोकं नोटरीवर, स्टॅम्पवर, नुसत्या शब्दावर गुंठे घेत आली. 2025 च्या जुलैत महसूलमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की एक गुंठ्यापर्यंतचे व्यवहार त्यातनं मोकळे करणार. कायदा सैल करता येतो हो, पण विकणारा नको का सैल व्हायला.

गायरानाचं म्हणाल तर ते दार 2011 लाच बंद झालंय. जगपाल सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या सरकारचाही जीआर आला. आता तो निकाल मुळात चुकीचा आहे असं मी नाही म्हणणार, गायरानं ज्यांनी गिळली ते काय आक्कासारखे नव्हते, आमच्याच गावात एकाने गायरानात पोल्ट्री टाकलीय आणि दुसऱ्याने विहीर. निकालात भूमिहीन मजुरांना सरकारी आदेशाने जागा दिली असेल तर अपवादाची फट ठेवलीय, पण त्यासाठी आधी आदेश पाहिजे, तो आक्काकडे कुठला. पोल्ट्री आहे तिथंच आहे अजून. फोटोत मात्र आक्काचंच गायरान दिसलं.

मग राहतं ते गावठाण.

मला आधी वाटायचं गावठाण म्हणजे आपलं गाव, जिथवर घरं तिथवर गाव. तसं नसतं ते. गावठाण म्हणजे नकाशावरची एक रेघ आहे. रेघेच्या आत घर बांधायला एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, लागत नाही, तिथला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो (आणि तो मालकीचा पुरावा नाहीच, घरपट्टीची नोंद आहे ती, पण लोकं त्याच्यावर पोरीची लग्नं ठरवतात). रेघेच्या बाहेर शेतजमीन. आमच्या गावची रेघ इंग्रजांच्या मोजणीतली आहे, आजोबांच्या वेळेला गावात जितके उंबरे होते त्याच्या तिप्पट आता आहेत आणि रेघ तिथंच. मग माणसं काय करणार, एका वाड्याचे चार भाग, चाराचे नऊ, ओट्यावर भिंत चढवली, गोठ्यात किचन केलं, बोळ इतका झालाय की मयत न्यायची झाली तर तिरडी आडवी करता येत नाही. आणि ज्यांना जमलं ते रेघेबाहेर, डांबरी रस्त्याच्या दोन्ही अंगाला, आधी पानटपरी मग शेड मग स्लॅब. त्याला गटार नाही, मधला रस्ता नाही, पाण्याची लाईन नाही. गाव वाढलं की, पण कुणी वाढवलं नाही, आपापलं सांडत गेलं.

रेघ हलवता येत नाही असं नाही हं. जमीन महसूल संहितेत कलम 122 आहे, कलेक्टर गावठाणाची हद्द ठरवू शकतात, वाढवू शकतात. आमच्या ग्रामपंचायतीने गावठाण विस्ताराचा ठराव केलेला आहे, 2009 साली! मी रजिस्टर बघितलं, अंगठे आहेत त्यावर. तिथून प्रस्ताव तालुक्याच्या एका ऑफिसात गेला, मग मोजणी नकाशा जोडा म्हणून परत, मग जमीन सरकारी उपलब्ध नाही तर खाजगी कुणाची घेणार ते कळवा म्हणून परत, मग साहेब बदलले, मग फाईलच सापडेना. भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "नवा ठराव घ्या, जुना कशाला उकरताय." तेही बिचारे तिसऱ्या गावाचा चार्ज सांभाळतात.

आणि ग्रामसभेत कोण मागतंय हो गावठाण? "आमचं गाव आमचा विकास" चा आराखडा दरवर्षी होतो, मी दोनदा बसलोय त्यात. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानभूमीला शेड, कमान. कमान तर पाहिजेच. पुढच्या वीस वर्षांत गावात किती घरं लागतील, ती कुठं बसणार, त्यांचं सांडपाणी कुठल्या ओढ्याला जाणार, हा प्रश्न एकानेही विचारलेला मी ऐकला नाही, आणि मीही विचारला नाही.

मध्यंतरी ड्रोन आलं होतं, स्वामित्व योजनेचं, गावठाणातली घरं मोजून मालकीचं प्रॉपर्टी कार्ड द्यायला. ही योजना 2020 च्या एप्रिलात आली पण त्याआधीच आपल्याकडे पुरंदर तालुक्यात सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झालेला. ते ड्रोन यायच्या आधी गावात चुना मारायचा असतो, प्रत्येकाने आपली हद्द चुन्याने आखून ठेवायची म्हणजे वरनं पांढरी रेघ दिसते. काय सांगू त्या दिवशीचं! उभ्या गावात लोकं पाट्या घेऊन चुना ओढतायत आणि भांडतायत. माझे दोन चुलते, सख्खे भाऊ, पागोळीच्या पाण्यावरून भिडले. एकाचं म्हणणं माझ्या पत्र्याचं पाणी जिथं पडतं तिथवर माझं, दुसऱ्याचं म्हणणं पत्रा तू आत्ता लांबवलास, जुनं कौल होतं तेव्हा पागोळी वीतभर आत पडायची. काकूने तेवढ्यात गुपचूप पायाने चुना पुसला. शेवटी दोघांच्या मधे वीतभर जागा बिनचुन्याची सोडली आणि ती कार्डावर कुणाच्याच नावाने आली नाही. आता त्या वितीत तुळस लावलीय, कुणी लावली कुणास ठाऊक.

पण ड्रोननं मोजलं ते गावठाणच. रेघेच्या आतल्यांना प्रॉपर्टी कार्ड मिळालं, त्यावर बँकेचं कर्जही मिळतं. आक्काच्या पत्र्यावरनंही ड्रोन गेलं असणार भुर्रकन, पण ते वस्तीवरचं, गायरानातलं, ते मोजायचंच नव्हतं.

माझा एक ऑफिसातला मित्र उमरग्याकडचा आहे. त्याला हे सगळं सांगत होतो तर तो म्हणे, तुम्हाला प्लॅनिंग नाही म्हणून रडता, आमच्याकडं येऊन बघ प्लॅनिंग. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप, त्यानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. अगदी पट्टीने आखलेली, रुंद रस्ते, सरळ ओळी. घराचा आकार जमिनीवर ठरवला, भूमिहीन आणि हेक्टरपर्यंतवाल्याला 250 स्क्वेअर फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याच्या वर 750. म्हणजे ज्याच्याकडे जास्त त्याला नवं घरही मोठं, घरात माणसं किती हे नंतर. त्याची आजी म्हणायची घर मजबूत आहे पण बसायला ओटा नाही, आणि शेजारीण एवढ्या लांब गेली की ओरडून मीठ मागता येत नाही. लोकांनी मग हळूहळू पुढं पत्रे ओढले, न्हाणी मागे ढकलली, जनावरं दारात आणली. जुनं गाव दाटीत होतं ते काय नुसतं मूर्खपणाने नव्हतं, एवढं मला त्यातनं कळलं. पण म्हणून रेघच आखायची नाही हे पण काय बरोबर नाही ना. निदान 52 गावांना जागा तरी मिळाली.

आता जे सांगायला बसलो होतो ते. जमीन महसूल संहितेतच कलम 42-ड म्हणून एक आहे, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन अटीत बसली की ठरलेले पैसे भरून रहिवासी म्हणून वापरता येते, वेगळ्या एनएचे हेलपाटे नाहीत. मी मोबाईलवर महाभूनकाशा, म्हणजे सरकारचे जमिनीचे नकाशे, उघडून आमच्या गावचा 200 मीटरचा पट्टा बोटाने फिरवून बघत होतो की कुणाकुणाची जमीन येते यात. सात-आठ गट येतात. त्यातला एक आमचा. मारुतीच्या देवळामागचा अठरा गुंठ्यांचा तुकडा, गावठाणाच्या अगदी बांधाला बांध, लाईटचा खांब शेजारी, पाण्याची लाईन वीस पावलांवर.

रात्री जेवताना आण्णांना, म्हणजे वडिलांना, म्हटलं, आक्काला अर्धा गुंठा देऊया का, फुकट नाही, ती योजनेचे लाख रुपये मिळतात तेवढ्यात. आण्णांनी भाकरी मोडायची थांबवली. म्हणाले, "आज तिला दिली की उद्या दहाजणं येत्यात. मग रस्ता मागत्यात. मग गटार आपल्या शेतातनं. आन तुझ्या पोरांना गावात घर बांधायचं झालं तर?" माझी पोरं पुण्यात वाढली, गावाला दोन दिवसांच्या वर राहत नाहीत, वायफाय नाही म्हणून. हे मी बोललो नाही. आई म्हणाली आक्काने तुला अंगाखांद्यावर खेळवलाय, एवढं म्हणाली आणि ताक वाढायला उठली.

मीही पुढं काही बोललो नाही. तुकडा अजून आण्णांच्या नावावर आहे असं मनाला सांगितलं, पण खरं कारण ते नाही, मीही मनातल्या मनात त्या अठरा गुंठ्याचे चार-पाच लाखाने गुंठे मोजून बघितले होते आधीच. मोबाईलवर नकाशा उघडला तेव्हाच.

निघताना आक्का एसटी स्टँडवर भेटली, पोराला डबा पाठवायला आली होती. विचारलं नाही तिने काही. "सावकाश जा रं दादा" एवढंच. त्या तुकड्यात आण्णा यंदा पाऊस पडला की कडवळ टाकणार आहेत, म्हशीला होईल म्हणाले.