बळ वेणीत नसतं, धाग्यात असतं

गळाला लावतात ती वेणीची दोरी विणायचं मशीन मी चालवतो. हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "एवढीशी बारीक दोरी एवढा मोठा मासा पेलते, म्हणजे वेणी घातल्यामुळेच तिला बळ येतं ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेणीनं बळ येत नाही. उलट थोडं जातंच, कारण वेणीत धागा सरळ न राहता तिरका पडतो. बळ माझ्या मशीनवर यायच्या आधीच धाग्यात आलेलं असतं. ते सांडू न देणं एवढंच माझं काम, आणि तेच अवघड.

धागा पॉलिएथिलीनचा, म्हणजे कॅरीबॅगचंच प्लास्टिक. फक्त यातल्या रेणूंच्या साखळ्या अफाट लांब असतात, रेणुभार कित्येक लाखांत जातो. इतक्या लांब साखळ्या वितळवल्या तरी वाहत नाहीत, म्हणून नेहमीच्या पद्धतीनं त्यांचा धागा निघत नाही. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९च्या सुमारास यावर तोड काढली. भरपूर द्रावकात थोडंसं पॉलिमर विरघळवायचं, म्हणजे साखळ्यांचा गुंता सैल होतो. ते द्रावण बारीक छिद्रांतून दाबून थंड केलं की जेलीसारखा लिबलिबीत तंतू मिळतो. तो गरम करत करत कित्येक पट लांब ओढायचा. केस विंचरावेत तशा साखळ्या एका दिशेला येतात, आणि तेच त्याचं बळ. वजनाला वजन धरलं तर पोलाद याच्या आसपासही येत नाही. आणि पाण्यापेक्षा हलका असल्यानं हा धागा तरंगतो.

आता वेणी. आठ पेडांच्या दोरीला आठ बॉबिन लागतात. चार एका दिशेनं फिरतात, चार उलट्या दिशेनं, आणि समोरून येणाऱ्याला एकदा आतून, एकदा बाहेरून ओलांडतात. मधोमध गोफ विणला जातो आणि वरचं चाक तो मुंगीच्या पावलांनी ओढून घेतं. हे चाक भरभर ओढू लागलं तर वीण लांबट होते. धागे बरेचसे सरळ राहतात, बळ टिकतं, पण दोरी चपटी पडते आणि तंतू लवकर सुटतात. हळू ओढलं तर वीण घट्ट, गोल, घासायला चिवट, पण त्याच लांबीला धागा जास्त जातो. मला स्वतःला घट्ट वीण आवडते.

खरी परीक्षा ताणाची. आठही पेडांवर सारखा ताण हवा. एकदा रात्रपाळीत एका बॉबिनची स्प्रिंग ढिली पडली होती. दोरी नुसत्या डोळ्यांना झकास दिसत होती. सकाळी भिंगाखाली धरली तर एक पेड ठरावीक अंतरानं बाहेर फुगलेला, मण्यांची ओळ असावी तसा. म्हणजे ओझं सातच पेड पेलणार, आठवा नुसता सोबतीला. अख्खं रीळ बाद केलं. तेव्हापासून पाळी सुरू करताना मी प्रत्येक धागा बोटानं दाबून बघतो. मशीनचा आवाज बदलला तरी उठतो.

पुढे दोरी ताणून गरम करतात, म्हणजे सैलपणा निघतो. उष्णता मात्र जपून द्यावी लागते, कारण हा धागा साधारण १५० अंश सेल्सिअसलाच वितळतो. मग वरून लेप. "रंग का जातो?" हाही प्रश्न असतोच. या धाग्याला रंग मुरतच नाही, तो लेपात असतो आणि लेप झिजला की उतरतो. दोरी फिकी पडली म्हणून टाकून देऊ नका. तंतू पिंजारलेले दिसले, तर तेवढा तुकडा कापा.

एक मात्र तुमच्या हातात आहे. हा धागा विलक्षण गुळगुळीत, नायलॉनला चालते ती साधी गाठ याच्यावरून सरकते. दोरी दुहेरी धरून गाठ मारा, आवळण्याआधी ती ओली करा, सावकाश ओढा. आठ पेडांत जपलेलं बळ बहुतेक वेळा त्या शेवटच्या दोन इंचांतच जातं.