गमलेवाला गेम

परवा दुपारी जेवून गॅलरीत उभा होतो. खाली कोपऱ्यावर दोन पोरं भांडत होती. स्कूटरला स्कूटर घासली असावी. 'भिया, देख के' पासून निघालेलं प्रकरण 'तू जानता नहीं मेरेको' पर्यंत आलं होतं. एकानं दुसऱ्याला छातीवर हात ठेवून ढकललं, दुसऱ्यानं पहिल्याला, आणि असं करत करत दोघं औषधाच्या दुकानापासून पार किराणावाल्यापर्यंत पोचले. तेवढ्यात वळणावर पोलिसांची गाडी दिसली. क्षणात दोघं चार चार हात लांब. एक मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. दुसरा बुटाची लेस बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात स्लीपर होती.

गाडी गेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आता ढकलायची पाळी कुणाची, हे बहुधा दोघंही विसरले होते. मी वर एकटाच हसत होतो. कारण हे सगळं मी १९९६च्या उन्हाळ्यात टीव्हीवरच्या एका गेममध्ये शेकडो वेळा पाहिलेलं आहे. फक्त तेव्हा वरून कुंडी पडायची.

'अर्बन चॅम्पियन' हे त्या गेमचं नाव, पण ते वाचायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही. खजुरी बाजारामागच्या आमच्या गल्लीत तो 'गमलेवाला गेम' होता. आजी दर वेळी सुधारायची, "गमला काय रे? कुंडी म्हण." आम्ही म्हणायचो, "हो, कुंडी," आणि पुन्हा गमला. इंदूरच्या मराठी घरांत हे असंच चालतं. भांडण हिंदीत, समजूत मराठीत.

ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी खेळला नाही त्यांनी आता मुद्दाम शोधून खेळावा असंही मी म्हणणार नाही. रस्त्यावर दोन माणसं, हुबेहूब सारखी, रंग तेवढा वेगळा. हलका ठोसा, जोरदार ठोसा. वर मारा, खाली मारा. वर अडवा, खाली अडवा. एवढंच. मागे इमारत, ती संपली की पुढची इमारत, आणि ती बरीचशी आधीच्या इमारतीसारखीच. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या वाईट गेमची यादी कुणीही करायला घेतली की हा त्यात पहिल्या पाचांत. यादी करणाऱ्यांचा रागही मला कळतो. जपानमध्ये हा आला १४ नोव्हेंबर १९८४ला (आपल्याकडे तो बालदिन, पण त्याला निन्टेन्डो काय करणार). त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबरला, त्याच कंपनीचा 'एक्साइटबाइक' हा मोटरसायकल शर्यतीचा गेम आला. तो आजही लोक डोक्यावर घेतात. एकाच आईची दोन लेकरं, पंधरवड्याच्या अंतराची, एक बोर्डात आलं आणि दुसरं पूरक परीक्षेला बसलं.

पण आमच्याकडे हे गेम पंधरवड्याच्या अंतरानं आलेच नाहीत. ते सगळे एकदम आले, बारा वर्षांनी, एका पिवळ्या कॅसेटमध्ये, जेल रोडवरून. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं. खरे गेम त्यात वीस-पंचवीस, बाकी तेच गेम वेगळ्या नावानं, नाहीतर मधल्याच लेव्हलपासून सुरू होणारे. तेव्हा आम्हाला हा दुकानदाराचा लबाडपणा वाटला होता. पुढे कळलं की त्या पिवळ्या कॅसेटमध्ये सुरुवातीच्या काळातलेच गेम का असतात, यालाही कारण होतं. ते आकारानं इवलेसे, चाळीस किलोबाइटच्या आतले. एका चिपमध्ये ढिगानं बसायचे. आज सकाळी आत्याचा 'सुप्रभात'चा फुलांचा फोटो आला, तो यापेक्षा मोठा असतो. तेवढ्या जागेत त्या लोकांनी दोन माणसं, एक रस्ता, पोलिसांची गाडी, खिडकीतली माणसं आणि एक उघडं मेनहोल बसवलं. वर आपण म्हणायचं, इमारती सारख्याच का आहेत!

त्यातून आमचा मुख्य गुन्हा असा की आम्ही तो खेळलो तेव्हा 'स्ट्रीट फायटर २'सारखा झगमगीत मारामारीचा गेम येऊन पाच वर्षं झाली होती. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, शाळेतून येताना गेम पार्लरमध्ये थांबून 'मुस्तफा' (खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स') खेळायचा. आगीचे गोळे, हवेत गिरक्या, पिवळी टोपी घालून धावत येऊन मारलेली लाथ. आणि घरी आल्यावर हे दोन ठोसेवाले. दादा म्हणायचा, "यार, हे काय, बनिये लोकांचं भांडण." मी लहान, मला घरचाच परवडायचा. त्यामुळे बाजू घ्यायची सवय तेव्हापासूनची.

बाजू घ्यायचीच तर एवढं सांगतो. लोक त्याला मारामारीचा गेम समजून खेळतात, तिथेच चुकतं. ताकदीचा आकडा असतो खरा, २००पासून उतरत जाणारा, पण ठोसे खाऊन इथे कुणी मरत नाही. जिंकायची असते ती जमीन. ठोसा बसला की समोरचा मागे सरकतो. सरकत सरकत पडद्याच्या काठाबाहेर गेला की तुम्ही पुढच्या घरासमोर. तो तुम्हाला तसाच उलटा आणू शकतो. असं रेटत नेलं की शेवटी मेनहोल येतं आणि एकजण आत. हे बॉक्सिंगपेक्षा रस्सीखेचीच्या जवळचं आहे. जोरदार ठोसा लांब ढकलतो, पण उशिरा निघतो, आणि तेवढ्या वेळात समोरचा हलका मारून मोकळा होतो. म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. यंत्राशी खेळलात तर दहा मिनिटांत कंटाळाल, हे मी मान्य करतो. तो भावाशीच खेळायचा गेम आहे. वर मारणार की खाली, हे भावाच्या खांद्यावरून कळतं. दादा खाली मारायच्या आधी जीभ बाहेर काढायचा. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

टर्बोचं बटण, म्हणजे दाबून धरलं की आपोआप ठोसे मारत राहणारं, वापरायचं नाही, हा आमचा नियम. तो दादा मोडायचा.

आजीला मात्र हा गेम पहिल्या दिवसापासून पटला. दुपारी आई खाली धान्य निवडत असायची, आजी वर आमच्यामागे वाती वळत बसायची. कापूस मांडीवर, नजर टीव्हीवर. बाकीच्या गेमांकडे ती बघायची नाही. कासवं, रणगाडे, तिला काही घेणं नव्हतं. हा लागला की चष्मा.

"कशावरून भांडतायत रे?"

"कशावरूनच नाही, आजी. गेम आहे."

"असं कसं? उगीच कोण भांडतं?" थोडा वेळ बघून तीच म्हणाली, "जागेवरून असणार. बघ ना, एक दुसऱ्याला घरापुढून हाकलतोय."

आम्ही हसलो होतो. पुढे तीस वर्षांत या गेमवर मी बरंच वाचलं, शिव्याच जास्त. त्यात एवढं नेमकं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मग कुंडी पडायची. खाली भांडण चालू असताना वरच्या खिडकीतून कुणीतरी कुंडी सोडतं. ती डोक्यात बसली की माणूस क्षणभर सुन्न. आमचा सगळा जीव ती चुकवण्यात. आजीचा जीव कुंडीत. "फुटली बघ. काय होतं रे तिच्यात? तुळस नसेल ना?" खिडकीत बाईच आहे, हे आजीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. "त्या बिचारीची काय चूक. दुपारची झोप मोडली असेल." आणि दहा मिनिटांनी, "किती कुंड्या आहेत म्हणते मी हिच्याकडे?"

पोलिसांची गाडी आली की दोघं मुकाट आपापल्या जागी, जसं काही झालंच नाही. हे आजीला फार आवडायचं. ती वात वळायची थांबून हसायची. आमच्या घरात ती स्वतःच पोलिसांची गाडी होती म्हणून असेल.

कारण त्या घरात बाबा वर राहायचे आणि काका खाली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, पहाटे. नळ एक, मोटर काकांची, विजेचं मीटर बाबांचं. यातून जे व्हायचं ते दर दुसऱ्या दिवशी व्हायचं. आजी जिन्यात आली की दोघं गप्प. बाबा दाढीचं ब्लेड बघायला लागायचे, काका बादलीचा कान. एकदा मात्र ती जिन्यातून आली नाही. मी आणि दादा गॅलरीतच झोपलो होतो, आवाजानं उठलो तर खाली चौकात दोघांनी एकमेकांची बनियन धरलेली. आणि आमच्या डोक्यावरून, कठड्याबाहेर, अर्धी बादली पाणी गेलं. तेही नर्मदेचं. एक दिवसाआड येणारं.

खाली दोघं भिजून उभे, पन्नाशीकडे झुकलेले दोन पुरुष. आजीनं रिकामी बादली ठेवली आणि आत गेली. दादा माझ्या कानात म्हणाला, "गमला."

त्यानंतर ते कधी भांडले नाहीत. बोललेही नाहीत. निरोप असले की आजीमार्फत, नाहीतर आमच्यामार्फत. आम्ही दोघं मात्र दुपारी त्याच कॅसेटला फुंकर मारून बसायचो. मोठ्यांच्या भांडणात मुलांनी टीव्ही गेम बंद ठेवावा इतकं ते भांडण कुणालाच महत्त्वाचं वाटलं नसावं.

जिंकल्यावर काय होतं, हे सांगायचं राहिलं. एकजण मेनहोलमध्ये गेला की खिडकीतून एक बाई विजेत्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळते. आजीला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती चकित. "म्हणजे? मगाशी हीच कुंड्या टाकत होती ना?" मी म्हटलं दुसरी असेल. "हीच. खिडकी बघ." आणि मग तिनं तो विषय स्वतःपुरता मिटवला, "असतं एकेकाचं."

तिचं स्वतःचंही होतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघायची, राजवाड्याकडून येणाऱ्या लोंढ्याचा आवाज गल्लीत आधी पोचायचा. आजी सकाळपासून करवादलेली असायची. भिंती खराब होतात, पाणी वाया जातं, काय हा रानटीपणा. आणि टँकरच्या पिचकाऱ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत रंग उडवायला लागल्या की हीच बाई गॅलरीत उभी राहून पदरातला गुलाल मुठी-मुठींनी खाली टाकत असायची. ओळखी-अनोळखी सगळ्यांवर. काकांवरही, बाबांवरही.

२०११मध्ये निन्टेन्डोनं हा गेम त्यांच्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रावर त्रिमितीत काढला. लोकांनी पुन्हा नाकं मुरडली. त्रिमितीत म्हणे तोच कंटाळा जरा खोल दिसतो. मी तो घेतला नाही, माझ्याकडे ते यंत्रच नाही. मोबाइलवर जुना आहे तो अधूनमधून काढतो. यंत्राशी खेळतो, दहा मिनिटांत कंटाळतो, वर म्हटलंच आहे. एक विचार दर वेळी येतो, की २०१७पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं यायला लागलं, तर आता हा रस्ता इंदुरात असता तर त्या फुटक्या कुंड्यांची खापरं कोणत्या डब्यात टाकायची, ओल्या की सुक्या? माती ओली असते.

त्या घरात आता आम्ही कुणीच राहत नाही. दादा पुण्यात. फोन होतो, गेमबद्दल बोलणं होत नाही.

आजी गेली २००९च्या थंडीत. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावरच होती, सराफ्यातले गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, आणून दिले तर वास घेऊन बाजूला ठेवायची. नावं विसरली होती, मला दादा म्हणायची आणि दादाला कधी कधी तिच्या देवासच्या भावाच्या नावानं हाक मारायची. एका दुपारी मी शेजारी बसून पेपर वाचत होतो. ती झोपली आहे असं वाटलं होतं. डोळे न उघडता तिनं विचारलं, "त्या दोघांचं मिटलं का रे?"

मी म्हटलं, "हो, आजी. मिटलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

कोणत्या दोघांचं, हे मी विचारलं नाही. एका जोडीचं मिटलेलं नाही एवढं मला खात्रीनं माहीत आहे. परवाच, खालची ती स्कूटरवाली पोरं निघून गेल्यावर, मी मोबाइलवर त्या जोडीतल्या एकाला मेनहोलमध्ये पाडलं.