बायकोचं नाव लावून देशाचं काय भलं होणार?

बायकांच्या हक्काचा राष्ट्रीय विकासाशी काय संबंध, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा काढायला आलेल्या माणसाला 'बायकोचंही नाव लावून घ्या की' म्हटलं, की हमखास उत्तर येतं, "ताई, घर एक, चूल एक. तिचं नाव लावून देशाचं काय भलं होणार हाय?"

देशाचं नंतर बघू, आधी सोयाबीनचं बघू. खुरपणीला बाई, काढणीला बाई, कापूस वेचायला तर बाईच. देशातल्या खेड्यापाड्यांत कमावत्या बायकांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास शेतीतच राबतात. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत खातेदार बायका किती? शंभर खातेदारांत चौदा. राबणाऱ्या बाकीच्या बायका कागदोपत्री शेतकरी नाहीतच. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाच्या मागं जातं. शेती करते एक आणि बँक ओळखते दुसऱ्यालाच. अशा शेतीत सरकारनं कितीही पैसा ओतला तरी तो ज्या हातांनी पीक येतं त्यांच्यापर्यंत जातोच असं नाही.

आमच्या शेजारच्या बीडमध्ये तर हिशेब उघडाच आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पडते पुरुषाच्या हातात.

सगळ्यात जास्त वेळ माझ्याकडं जातो तो विधवांचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद असतात. मृत्यूचा दाखला, आधार, सोसायटीची कर्जाची नोटीस. आधारवर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं. नवऱ्यानं आत्महत्या केली असेल आणि प्रकरण पात्र ठरलं असेल तर शासनाचे एक लाख मिळतात, त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. पण जमिनीचं काय? हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलं आणि सासू यांचा हिस्सा सारखा. प्रत्यक्षात वारस नोंदीचा अर्जच झालेला नसतो, कारण दीर म्हणालेला असतो, "मी बघतो ना वहिनी." कर्जाची नोटीस मात्र बरोबर तिच्या दारात येते.

आता देशाचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर इथल्या बायका घरबांधणीच्या कामात उतरल्या, त्यांच्यासोबत स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था होती. पुढं याच संस्थेबरोबर लातूर-धाराशिवच्या बायकांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतला. त्यात काय पेरायचं ते बाई ठरवणार. मूग, उडीद, तूर, भाजीपाला. आधी घरात खायला, मग बाजारात. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच वर्षी या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळात नगदी पीक गेलं की सगळंच जातं, हे पुरुषांनाही माहीत होतं. पण बाईला ठरवायला मिळालं तिथं घरात दाणा राहिला. मला विचाराल तर राष्ट्रीय विकास म्हणजे तो दाणा. मोर्चात आणि मंचावर काय बोलतात ते बोलू द्या.

खर्चाची भीती असेल तर तीही नको. नवरा हयात असताना बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला १९९२ पासून 'लक्ष्मीमुक्ती'ची सोय आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज द्यायचा (पदाचं नाव आता बदललंय, गावात तलाठीच म्हणतात). बक्षीसपत्रानं बायकोला शेत द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. तेवढ्यात दोन माणसांचा ढाब्यावरचा मटणरस्सा पण येत नाही.

यानंतरचा प्रश्न बायका विचारतात, तोही हळूच: "आणि माहेरच्या जमिनीचं काय?" महाराष्ट्रानं १९९४ ला मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, केंद्रानं २००५ ला. तरी दिवाळीला आलेल्या बहिणीला भाऊ हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याला घेऊन जातोच. परत येताना साडी. हक्क गेला तरी चालेल, माहेर तुटायला नको, असं तिला वाटतं, आणि ते वाटणं खोटं नाही. वाईट दिवसांत तिला जायला दुसरी जागा नसते. म्हणून मी कुणाला 'सही करू नका' असं सांगत नाही. कागद मोठ्यानं वाचून दाखवते आणि घाई कुणाला आहे ते विचारते.

मी स्वतः सही केली नाही. भावानं बरेच दिवस अबोला धरला. आता भाऊबीजेला बोलावतो, पण वाटणीचा विषय निघाला की चहा ठेवायला उठतो.