लू नदीकाठी तंबू आणि डोंगरमाथ्यावरची गावं: दक्षिण फ्रान्समध्ये मुलांसोबत

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मुलांना घेऊन जाणार असाल, तर नीसमध्ये हॉटेल घेण्यापेक्षा लू नदीच्या खोऱ्यात तंबू ठोका. ला कोल-सुर-लू गावाच्या आसपास कॅम्पिंगच्या चांगल्या जागा आहेत. समुद्र गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, आणि सॅं-पॉल-द-व्हाँस तर हाकेच्या अंतरावर.

आम्ही श्टुटगार्टहून पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) सुट्टीत गेलो. तेव्हा फ्रेंच शाळा चालू असतात, त्यामुळे गर्दी नाही आणि भाडंही जुलै-ऑगस्टपेक्षा कमी. स्वित्झर्लंडमार्गे गेलात तर 40 फ्रँकचा महामार्ग पास लागतो, पुढे इटली आणि फ्रान्समध्ये टोल. जेनोव्हानंतर बोगद्यामागून बोगदे येतात. मुलं लहान असतील तर वाटेत एक मुक्काम कराच.

आता गावांबद्दल. किनाऱ्यावरच्या हल्ल्यांपासून वाचायला लोकांनी ही गावं उंचावर, तटबंदीच्या आत वसवली. गल्ल्या अरुंद आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या, गाड्यांना मज्जाव. बाबागाडी घरीच ठेवा, तान्ह्या बाळाला पाठीवरच्या झोळीत घ्या.

सगळ्यांत जीव जडला तो एझवर. समुद्रसपाटीपासून चारशेहून अधिक मीटर उंच सुळक्यावर हे गाव आहे. खालच्या एझ-सुर-मेर रेल्वे स्टेशनजवळून एक पायवाट वर चढते. 1880च्या दशकात तत्त्वज्ञ नीत्शे इथे फिरत असे, म्हणून वाटेला त्याचंच नाव आहे. थोरली माझ्याबरोबर चढली, धाकटा बाबाबरोबर गाडीने वर आला. सिंहगड चढलेल्यांना हा चढ जड नाही, पण सावली फार कमी आणि दगड निसरडे. सकाळी आठच्या आत निघा, माणशी दीड लिटर पाणी घ्या. माथ्यावरचा किल्ला चौदाव्या लुईच्या हुकमाने 1706 मध्ये पाडला गेला. त्या अवशेषांभोवती आता निवडुंगांची बाग आहे. तिकीट आहे, पण काढाच: एका बाजूला काप फेराचं टोक, समोर नुसता निळा समुद्र. थोरली तिथून हलायलाच तयार नव्हती.

सॅं-पॉलला दुपारी बसगाड्या भरभरून माणसं येतात, म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. चित्रकार मार्क शागालची कबर गावाच्या टोकाच्या दफनभूमीत आहे. अगदी साधी, वर लोकांनी ठेवलेले खडे. वेशीबाहेर म्हातारे पेताँक, म्हणजे धातूचे गोळे फेकायचा खेळ, खेळतात, मुलं तिथे रमतात. तुरेत-सुर-लू व्हायोलेट फुलांसाठी प्रसिद्ध आहे. त्या फुलांचं आइस्क्रीम मुलांना फार आवडलं. पुढे लू नदीच्या घळीतून गुर्दाँपर्यंत गाडीने जाता येतं, रस्ता वळणावळणाचा आहे. पाँ-द्यू-लूला 1944 मध्ये जर्मनांनी उडवलेल्या रेल्वेपुलाचे खांब अजून उभे आहेत. जर्मनीत वाढणाऱ्या माझ्या मुलांना ती गोष्ट तिथेच सांगावी, असं मला वाटलं.

शाकाहारी असाल तर नीसच्या जुन्या बाजारात सोका खा: हरभऱ्याच्या पिठाचं, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या धिरड्यासारखंच.

तंबूबद्दल महत्त्वाचं: जमीन कोरडी आणि दगडी, तेव्हा लोखंडी खुंट्या आणि हातोडा हवाच. वीज बऱ्याच ठिकाणी 6 अँपिअरची, म्हणजे जेमतेम 1400 वॅट. नेहमीच्या किटलीने फ्यूज उडतो. कुकर गॅसवर लावा, कोळशाची शेगडी मात्र विसरा. वणव्याच्या भीतीने उन्हाळ्यात जंगलाजवळ उघडी आग पेटवायला बंदी असते.

नीस आणि कान्यचे किनारे गोट्यांचे आहेत, पाण्यातले बूट न्या. वाळू हवी असेल तर आंतिबला जा. कॅम्पच्या पोहण्याच्या तलावात ढगळ हाफपँट चालत नाही, बाबा लोकांनी अंगाला घट्ट बसणारी चड्डी घरूनच घ्यावी.