"आयटम कुठंय, मॅडम?"

फेब्रुवारीत द्राक्षबागेवर रस्त्याची धूळ बसली म्हणजे काय होतं, हे मला निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी घड हातात देऊन दाखवलं. मणी धुता येत नाही. धुतला तर त्याच्यावरची पांढरट झाक जाते, आणि निर्यातीचा माल बघायला आलेला माणूस पहिल्या ओळीवरूनच परत फिरतो. पानांवर धूळ साचली की लाल कोळी या किडीचं बळ वाढतं, तो त्रास आणखी वेगळा. "ताई, रस्ता आम्हीच मागितला होता. पण वर्षाचं पीक घालवून नव्हता मागितला," एवढंच ते म्हणाले.

तेव्हा मी शाखा अभियंता होते आणि तो रस्ता माझ्याकडे होता. मी तशीच साइटवर गेले आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरला विचारलं, पाण्याचा टँकर का फिरत नाही? त्याने गाडीतून निविदेची प्रत काढली, पानं उलटली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "आयटम कुठंय, मॅडम?"

आयटम, म्हणजे दर ठरवून, मोजून पैसे देता येतील अशी निविदेतली बाब, नव्हता. निविदेत एक परिच्छेद होता: ठेकेदाराने पर्यावरणाची योग्य ती काळजी घ्यावी, त्याचा खर्च त्याच्या दरांत धरलेला आहे. बस. रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक मानकांच्या 2013 च्या पाचव्या आवृत्तीत कलम 111 पूर्ण याच विषयावर आहे. मुरूम काढलेले खड्डे, खाणी, मातीची धूप, पाण्याचं प्रदूषण, डांबर प्लांटचा धूर, सगळं त्यात आहे. आम्ही त्याचा उल्लेख एका ओळीत करायचो आणि पुढं जायचो. पण ज्या कामाला परिमाण नाही, दर नाही, मोजमाप पुस्तिकेत पान नाही, ते काम सुपरवायझरच्या दृष्टीने नसतंच. त्याला मी दोष देत नाही. तो सकाळी आठला साइटवर येतो ते आयटम संपवायला.

त्याच रात्री मी परिमाणपत्रक, म्हणजे निविदेतली आयटम आणि नगांची यादी, पुन्हा वाचलं आणि एक गोष्ट खुपली. झाडं तोडण्याचा आयटम होता. घेरानुसार चार गट, प्रत्येकाला वेगळा दर, आणि नग सढळ हाताने धरलेले, उगाच कमी पडायला नकोत म्हणून. म्हणजे झाड तोडलं तर ठेकेदाराला पैसे मिळणार, आणि कडेचं झाड सांभाळून काम केलं तर वेळ जास्त लागणार आणि मिळणार काहीच नाही. हे अंदाजपत्रक मीच केलं होतं. जुन्या निविदेवरून, जसं सगळे करतात तसं.

पुढं उपअभियंता म्हणून माझ्याकडे 14 किलोमीटरच्या एका जिल्हा मार्गाचं रुंदीकरण आलं. अशा रस्त्याला 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेखालची पूर्वमंजुरी सहसा लागत नाही. त्यामुळे अहवाल नाही, जनसुनावणी नाही. जी काही काळजी घ्यायची ती निविदेतच घ्यावी लागणार होती. या रस्त्याचे ओढे गोदावरीला मिळतात, आणि खाली नांदूरमध्यमेश्वर आहे. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथल्या गाळाची तक्रार जुनी आहे. आमच्या रस्त्याची माती त्या गाळात भर घालणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

सुरुवात झाडांपासून केली. आराखडा कागदावर येण्याआधी मी आणि माझा कनिष्ठ अभियंता 14 किलोमीटर पायी चाललो, दोन दिवस. प्रत्येक झाडाचा घेर, जात, साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), डावी-उजवी बाजू, मोबाइलवरून जागा. वड, चिंच, कडुनिंब आणि एका वळणावर ओढ्याला टेकलेला जुना उंबर. मग दोन ठिकाणी मध्यरेषा सरकवली, एका ठिकाणी दोन्हीकडे रुंदी न वाढवता एकाच बाजूला वाढवली. जी झाडं खरंच आड येत होती, त्यांची क्रमांकांसह यादी निविदेला जोडली आणि तोडणीचे नग तेवढेच धरले. राहणाऱ्या झाडांसाठी नवा आयटम टाकला: खोडाला गोणपाट आणि बांबूचं संरक्षण, बुंध्याभोवती भराव न टाकता मोकळी जागा, काम संपेपर्यंत देखभाल, दर प्रति झाड.

मातीचा हिशेब सोपा होता, तरी आम्ही तो कधी मांडला नव्हता. साइड पट्ट्यांसाठी दोन्हीकडे दीड-दीड मीटर, म्हणजे तीन मीटर रुंदी, 15 सेंटिमीटर जाडीचा वरचा थर, 14 किलोमीटर लांबी. 6,300 घनमीटर. ब्रासमध्ये 2,200 हून जास्त. निफाडची काळी कसदार माती, आणि आजवर ती जेसीबीने उचलून जवळच्या चारीत ढकलली जायची. आम्ही ती वेगळी काढणं, दोन मीटरपेक्षा उंच ढीग न घालणं, पावसाआधी झाकणं आणि शेवटी उतारांवर परत पसरणं, असा स्वतंत्र आयटम केला. उरलेली माती ग्रामपंचायतीच्या ठरावाने शेतकऱ्यांना. त्यासाठी मला फारसं पटवावंच लागलं नाही, लोक ट्रॅक्टर घेऊन तयार होते.

धुळीच्या आयटमने मात्र डोकं खाल्लं. टँकरच्या फेऱ्यांवर पैसे द्यायचे म्हटलं तर फेऱ्या कागदावर वाढतात. लिटरवर म्हटलं तर मोजणार कोण? शेवटी एकक ठरवलं "किलोमीटर-दिवस". ज्या दिवशी जेवढ्या उघड्या लांबीवर दिवसातून तीन वेळा पाणी मारलं गेलं, तेवढी लांबी त्या दिवशी मोजायची. साइटवर रजिस्टर, त्यात आमच्या माणसाची सही आणि ग्रामपंचायतीने नेमलेल्या एका गावकऱ्याची सही. शिवाय ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत बागांना लागून असलेल्या लांबीत एका वेळी एक किलोमीटरपेक्षा जास्त रस्ता उघडा ठेवायचा नाही. माझ्या मते पाण्यापेक्षा या एका अटीने जास्त काम केलं.

राखेबद्दल मला दोनदा विचार करावा लागला. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र जवळ आहे, आणि अशा केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या भरावात राख वापरण्याबाबत केंद्राची अधिसूचना आहे. राख वापरली की तेवढा मुरूम वाचतो, म्हणजे कुठल्यातरी टेकडीचा तेवढा लचका वाचतो. पण राख ओली करून, ताडपत्रीखाली आणावी लागते आणि भरावात दोन्ही अंगांनी मातीचं जाड आवरण लागतं. ओढ्यांच्या काठच्या सखल लांबीत मी ती धरली नाही, फक्त उंचावरच्या, पुलांना जोडणाऱ्या पोहोच भरावांत धरली. हा निर्णय माझा होता आणि आजही मला तो बरोबर वाटतो.

मग प्रस्ताव वर गेला आणि खरी पायपीट सुरू झाली. दरसूचीत नसलेल्या प्रत्येक बाबीचं दरपृथक्करण मागितलं गेलं. मजूर, साहित्य, यंत्र, सगळं मांडून द्या. लेखा शाखेने विचारलं, लेखापरीक्षणात आक्षेप आला तर? मी उत्तर लिहिलं की आजवर हेच पैसे "दरांत अंतर्भूत" म्हणून आपण देतच होतो, फक्त बदल्यात काय मिळालं हे तपासता येत नव्हतं. फाइल तीनदा परत आली. तिसऱ्यांदा मी सगळ्या पर्यावरण-बाबींची बेरीज पहिल्याच पानावर ठेवली. एकूण रकमेच्या दोन टक्क्यांच्या आत होती. त्यानंतर सही झाली.

एक चूक माझीही निघाली. मी पात्रतेच्या अटींत ठेकेदाराकडे पर्यावरण व्यवस्थापनाचं आयएसओ 14001 प्रमाणपत्र हवं, असं लिहिलं होतं. कार्यकारी अभियंता साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. "मॅडम, सिन्नर-निफाडचे सगळे छोटे ठेकेदार एका ओळीत बाहेर गेले. आणि ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तो टँकर फिरवेलच याची खात्री काय?" मला राग आला होता. पण बरोबर तेच होते. अट माणसावर घालायची नाही, कामावर घालायची.

निविदा कुठल्या नमुन्यात काढायची हाही प्रश्न होता. बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः भरतो. मग तो पाणी मारण्याला एक रुपया लिहितो, डांबरात वसूल करतो आणि पाणी मारत नाही. एक रुपया बुडाला तर बुडाला. बी-1 मध्ये दर आमचे असतात, तो फक्त एकूण कामावर इतके टक्के कमी किंवा जास्त भरतो. आम्ही बी-1 घेतली. अशा बाबी निविदेत घालणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगते, कारण बाकी सगळं नीट लिहूनही इथं घसरता येतं.

निविदा भरण्याआधी ठेकेदारांबरोबर होणाऱ्या प्री-बिड बैठकीत वाटलं होतं तेवढा विरोध झाला नाही. एक वयस्कर ठेकेदार म्हणाले, "पैसे देताय ना? मग करू की. फुकटात सांगत होता म्हणून होत नव्हतं." पाणी कुठून आणायचं, दुष्काळात नवी लावलेली झाडं गेली तर जबाबदार कोण, असे प्रश्न रास्त होते. त्यावर शुद्धिपत्रक काढलं. नव्या झाडांचे पैसे लागवडीच्या वेळी 40 टक्के आणि पुढची तीन वर्षं जिवंत झाडांच्या मोजणीवर 20-20 टक्के असे केले. मेलेलं झाड बदललं तर चालेल, पण ते पुढच्या मोजणीत धरायचं.

देयकाची गाठ मी रॉयल्टीवरून उचलली. गौण खनिजाच्या पावत्या नसतील तर देयकातून कपात होते, हे प्रत्येक ठेकेदाराला पाठ असतं, म्हणून पावत्या येतात. तसाच एक पानी तक्ता प्रत्येक चालू देयकाला जोडणं बंधनकारक केलं: डांबर प्लांटची प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, धुळीचं रजिस्टर, झाडांची स्थिती, मातीचे ढीग, ओढ्यांची मुखं. तक्ता नाही तर देयक पुढं जाणार नाही. पहिलं देयक अकरा दिवस अडलं. दुसऱ्या देयकाचा तक्ता देयकाच्या आधीच टेबलावर आला.

सगळं जमलं असं नाही. ओढ्यांच्या तोंडाशी दगड आणि वाळूच्या गोण्यांचे गाळ-अडसर बांधायचे होते, आणि मी निविदेत लिहिलं होतं "पावसाळ्यापूर्वी". ठेकेदाराने जूनचा पहिला आठवडा धरला. मे महिन्यात वळीव कोसळला आणि एका रात्रीत दोन ओढ्यांत उकरलेली माती उतरली. शब्दशः बघितलं तर तो चुकला नव्हता. "मातीकाम सुरू करण्यापूर्वी" असं लिहायला हवं होतं. आता मी तसंच लिहिते. ते दोन ओढे त्याने हाताने साफ करून दिले, पण वाहून गेलेलं वाहून गेलं.

लावलेल्या 600 रोपांपैकी पहिल्या वर्षी 431 जगली. करंज आणि कडुनिंब तगले, जांभूळ बरेच गेले. दुसऱ्या वर्षीच्या मोजणीला ते बागायतदार काका स्वतःहून आले, त्यांचा बांध याच रस्त्याला लागतो. रजिस्टरवर गावाच्या वतीने सही त्यांनीच केली, आणि त्यांच्या हद्दीतल्या तीन करंजांना ठिबकची नळी लावलेली होती.

तिसऱ्या मोजणीआधी माझी बदली झाली. चार्ज देताना मोजमाप पुस्तिका, गोदामाची यादी, प्रलंबित देयकं, या सगळ्यांबरोबर वृक्ष रजिस्टर वेगळा अनुक्रमांक देऊन यादीत लिहिलं. नव्या साहेबांनी विचारलं, हे कशाला? मी त्यांना गाडीत घालून उंबराच्या वळणापर्यंत घेऊन गेले. परत येऊन त्यांनी त्या अनुक्रमांकासमोर सही केली. जुलैत मोजणी आहे, शेवटचे 20 टक्के अजून द्यायचे आहेत.