पंतांचं जेवण

बहिणीच्या मुलाने परदेशी जाताना माझ्याकडे एक पिंजरा आणि एक डबा आणून ठेवला. "तीनच आठवडे गं मावशी," म्हणाला. त्याला आता आठ महिने झाले. पिंजऱ्यात पंत होते आणि डब्यात पंतांचं जेवण.

पंत म्हणजे शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. जात येमेनकडची, जन्म मात्र कुठल्याशा पिंजऱ्यातला. आपल्या झाडीत दिसतो तो घोयरा वेगळा. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो घरात ठेवला तर वनखातं दारात उभं राहील. पंत परदेशी असल्यामुळे त्यांची सरकारी पोर्टलवर रीतसर नोंदणी झालेली आहे. इतकी नीट लावलेली कागदपत्रं आमच्या घरात दुसऱ्या कुणाची नाहीत. डोक्यावर हाडाचा उंच तुरा, पुढून पाहिलं तर थेट पुणेरी पगडी. सासूबाईंनी बघताक्षणी विचारलं, "हे कोण पंत?" भाच्याने ठेवलेलं इंग्रजी नाव त्या दिवसापासून बाद झालं.

आणि डब्यात रातकिडे. जिवंत, पन्नासेक.

आमचं घर कडक शाकाहारी. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत आणि रोज सकाळी तुळशीच्या कुंडीपाशी मुंग्यांना चिमूटभर साखर घालतात. अशा घरात कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर एक दिवसाआड पाच-सहा जीव कुणाच्या तरी तोंडी द्यायचे, हे त्यांना सांगायचं कसं, या विचारात मी पहिले दोन दिवस डबा गॅलरीत कपड्यांच्या बादलीमागे लपवला होता. तिसऱ्या दिवशी डबा गायला लागला.

भाच्याला फोन केला तेव्हा कळलं की गातात ते फक्त वयात आलेले नर, पंखावर पंख घासून. पिल्लांना पंखच नसतात, म्हणून ती गप्प. मादीच्या मागे दोन शेपट्यांच्या मधोमध सुईसारखी तिसरी शेपटी दिसते, ती अंडी घालायची. हे सगळं मी आता चष्मा न लावता ओळखते. पन्नाशीनंतर माणूस काय काय शिकतो!

मेलेला किडा पंतांना चालत नाही. हलेल तेच अन्न, अशी त्यांच्या डोळ्यांची समजूत. म्हणून किडे नुसते आणून भागत नाही, ते जगवावे लागतात, आणि तेही चांगले जगवावे लागतात, कारण रातकिड्याने काल जे खाल्लं तेच आज पंतांच्या पोटात जाणार. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. म्हणून त्यांना गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. पालक नको, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. पाण्याची वाटी ठेवली तर त्यात बुडून मरतात, म्हणून तहानेलाही गाजरच. मंडईत शेवग्याचा पाला रोज घेते म्हटल्यावर भाजीवाल्या मावशींनी एकदा विचारलं, "भाजी लई आवडती वाटतं घरात?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

लपायला त्यांना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लागतात, उभे करून ठेवलेले. तेव्हा घरात अंडं येत नाही, पण अंड्यांचे ट्रे येतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी "अंडी नकोत, नुसता ट्रे द्या" म्हणाले तेव्हा त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं पुण्यात आजवर मला कुणी पाहिलेलं नाही, आणि पुण्यातले दुकानदार कसे बघतात हे मला माहीत आहे.

सोसायटीतून सल्ले येतातच. फुकटची झुरळं असताना किडे विकत कशाला, आमच्याकडची घेऊन जा, असं दुसऱ्या मजल्यावरून मनापासून आमंत्रण आलं. पण ती औषध खाल्लेली झुरळं, पंतांना बाधतील. बागेतले नाकतोडे नकोत, तेही त्याच कारणाने. जूनमध्ये आमचा फिरायला जाणारा ग्रुप काजवे बघायला राजमाचीला निघाला, तर भाच्याचा रात्री अकराला फोन. "मावशी, कपड्यांवर बसून एखादा घरी आला तर पंतांपासून लांब ठेव." काजव्याच्या अंगात विष असतं, एखाददुसऱ्या काजव्याने पाळलेले सरडे मेलेले आहेत. आणि सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं की आम्ही रातकिड्यांना दोन दिवस माहेरी पाठवतो. माझ्या. रिक्षाने, मांडीवर डबा घेऊन.

वाढण्याचेही नियम आहेत. किडा पंतांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आधी पिशवीत घालून चिमूटभर कॅल्शियमच्या पावडरीबरोबर हलकेच हलवायचा. बाहेर येतो तेव्हा शंकरपाळ्यावर पिठीसाखर भुरभुरावी तसा पांढरा दिसतो, आणि मिशा झटकत रागावलेला असतो. किड्यांत कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त. ही पावडर नसेल, वर खास दिवा नसेल, तर सरड्याची हाडं मऊ पडून वाकतात. काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, म्हणून सकाळी पिंजरा गॅलरीत. माझ्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं अक्षरशः हेच, कॅल्शियम, डी-थ्री आणि कोवळं ऊन. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो.

मग दह्याच्या रिकाम्या डब्यात किडे सोडून तो डबा फांदीला अडकवायचा. पंत लगेच धावत नाहीत. एक डोळा माझ्यावर, दुसरा डब्यावर, दोन्ही आपापल्या वाटेने फिरतात. मग एक पाऊल पुढे, एक मागे, वाऱ्यावर पान हलावं तसं झुलत. आणि एकदम दोन्ही डोळे पुढे येऊन एका जागी ठरतात. मला अजूनही या क्षणी धस्स होतं, कारण तोवर बावळट दिसणारा हा प्राणी तेवढ्यापुरता बावळट राहत नाही. तोंड किंचित उघडतं, जिभेचं गुलाबी टोक बाहेर डोकावून थांबतं. पुढचं मला आठ महिन्यांत एकदाही दिसलेलं नाही. फक्त 'टप्' असा आवाज, आणि रातकिडा जिथे होता तिथे नसतो. जीभ अंगाहून लांब, आत स्प्रिंगसारखी दाबून ठेवलेली. तिच्यावरची लाळ माणसाच्या थुंकीच्या सुमारे ४०० पट घट्ट, हे २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून काढलं. मग चावणं सुरू. सावकाश, कुर्रम कुर्रम, तोंडाच्या कोपऱ्यातून एक पाय बराच वेळ बाहेर लोंबतो. तो पाय मी बघत नाही. म्हणजे बघते.

उरलेले किडे रात्रीपूर्वी मोजून काढायचे, नाहीतर झोपलेल्या पंतांनाच ते कुरतडतात.

सासूबाईंना हे सगळं कळलं तेव्हा मला वाटलं तसं काही झालं नाही. "वाघाला कुणी भाकरी घालतं का?" एवढंच म्हणाल्या. मग पंत जास्वंदीची पानंसुद्धा खातात हे कळल्यावर त्यांची कळी खुलली. एकादशीला जेवणाच्या डब्याला सुट्टी आणि देवाच्या परडीतलं एक जास्वंदीचं फूल पंतांना, असा नेम त्यांनी परस्पर सुरू केला. पंत फुलाचा लचका तोडतात आणि सासूबाई माझ्याकडे बघतात, बघ, जमतंय त्यालाही.

गौरी जेवायच्या दिवशी डब्याचं झाकण माझ्या हातून नीट लागलं नाही. बरेचसे सापडले. एक देव्हाऱ्यामागे गेला आणि ऐन आरतीत गायला लागला. सासूबाईंनी टाळ थांबवून ऐकलं. चार दिवसांनी तो मिळाला तेव्हा मी त्याला डब्यात टाकायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "अगं, याला नको देऊस." श्रीखंडाच्या डब्याला सुईने भोकं पाडून त्याची सोय झाली. गाजर त्या स्वतः किसून घालायच्या. तो रात्री गायचा आणि पावसाने गारठा पडला की संथ गायचा.

रातकिड्याचं आयुष्य ते केवढं. ऑक्टोबरात एका सकाळी तो उताणा पडलेला दिसला.

"आता पंतांना देणार?" सासूबाईंनी विचारलं.

"हलत नाही ना. ते खाणार नाहीत."

त्यांनी तो कागदावर घेतला आणि तुळशीच्या कुंडीत ठेवला. दुपारी मी कपडे काढायला गेले तर मुंग्यांची रांग लागलेली, चारजणी त्याचा एक पाय ओढत नेत होत्या. सासूबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या.

"उद्या साखर घालायला नको गं," म्हणाल्या.